लंगडा चरण

१

माझी बायको कॉलेजात छंद आणि वृत्तं शिकवायची आणि मी लोकांचे दात काढायचो. आम्हा दोघांसमोरही माणसं आ वासून बसत, एवढंच आमच्या धंद्यांतलं साम्य. आता दोघंही निवृत्त आहोत. मी वर्तमानपत्र वाचतो आणि ती वर्तमानपत्रातल्या कवितांना नावं ठेवते. मी तिला मास्तरीणबाई म्हणतो. तोंडावरच म्हणतो, कारण पाठीमागे म्हटलं तरी तिला ऐकू जातं.

त्या सकाळी समोरच्या घरातली धाकटी आली, ती हातात एक छापील कार्ड घेऊन. धाकटी म्हणजे समोरच्या अप्पांची मुलगी. केस पिकायला लागले, हवामान खात्यात वरच्या हुद्द्यावर पोचली, तरी अप्पा तिला धाकटी म्हणत म्हणून सगळी गल्ली तेच म्हणते. अप्पा कवी होते, चांगलेच नावाजलेले. ते जाऊन दोन महिने होत आले होते.

"काकू, यातली चूक शोधून द्या," ती म्हणाली.

"छपाईची?"

"नाही, माझी."

तिने कार्ड टेबलावर ठेवलं. अप्पांची शेवटची कविता होती ती. वाचनालयाच्या आवारात अप्पांच्या नावाचा दगड बसवणार होते, त्यावर ही कोरली जाणार होती आणि कारागीर सोमवारी छिन्नी घेऊन बसणार होता. कविता घरातल्या माणसांवर होती. पहिलं कडवं धाकटीच्या आईचं. त्या मातीची भांडी घडवायच्या, आमच्या चहाचे कप अजून त्यांच्याच हातचे आहेत. दुसरं थोरल्याचं, म्हणजे तिच्या भावाचं. तो पूल बांधतो आणि परगावी राहतो. तिसरं त्याच्या बायकोचं, ती गाते. शेवटचं अप्पांचं स्वतःचं. वीस वर्षं ज्या मुलीने अप्पांना आंघोळीच्या पाण्यापासून औषधाच्या थेंबांपर्यंत सांभाळलं, तिच्यावर एक ओळसुद्धा नव्हती.

धाकटी रडली नाही, ती रडणाऱ्यांतली नाहीच. डोंगरावरच्या हवामान केंद्रावर तिने बदली मागून घेतली होती आणि ती रविवारी निघणार होती. दगडाच्या कार्यक्रमाला थांबणार नव्हती.

"मला एवढंच कळायला हवं, काकू," ती म्हणाली. "त्यांना मी आठवलेच नाही, की आठवून वगळलं? दोन्हींतलं काहीही असलं तरी चालेल. पण हे ओझं घेऊन मला डोंगर चढायचा नाही."

मास्तरीणबाईंनी चष्मा लावला आणि कविता मोठ्याने वाचली.

माती मळली तुझिया हाती
घडली भांडी, जडली नाती
पडले अंतर

अंतर मोजित गेला नंतर
पूल तयाचे उभे निरंतर
आले गाणे

गाणे तिजला, पिलास दाणे
सूर लागला, सरे बहाणे
तिचे पाऊल

पाऊल माझे होई दर्पण
दिसते त्यातच सरले मीपण
अखेर माती

वाचताना तिचं बोट टेबलावर ताल धरत होतं. शेवटच्या कडव्याशी ते अडखळलं. तिने तीच ओळ पुन्हा वाचली आणि बोट पुन्हा तिथेच अडलं.

"हा माणूस लंगडत नसे," ती म्हणाली.

मी म्हणालो, वीस वर्षं काठी टेकत लंगडताना अख्ख्या गल्लीने अप्पांना पाहिलंय.

"कवितेत म्हणतेय मी," ती म्हणाली. मग धाकटीकडे वळून तिने रविवारपर्यंत वेळ मागून घेतला. धाकटी गेल्यावर दार लावलं आणि मला म्हणाली, "चोरी झालीय. यातलं एक कडवं कुणीतरी काढून नेलंय."

२

मला त्यात चोरी दिसत नव्हती, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. कविता सुरळीत सुरू होत होती आणि सुरळीत संपत होती.

"तुम्हाला सुरळीत दिसणारच. बघा जरा," ती म्हणाली, आणि बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा बाकावर बसलो.

आधी तिने मला एक शब्द परत परत कुठे येतो ते बघायला सांगितलं. पहिलं कडवं 'अंतर'वर संपतं आणि दुसरं 'अंतर'ने सुरू होतं. दुसरं 'गाणे'वर संपतं, तिसरं 'गाणे'ने सुरू होतं. तिसऱ्याचा शेवट 'पाऊल' आणि चौथ्याची सुरुवात 'पाऊल'. शेवटच्या कडव्याचा शेवट 'माती', आणि कवितेचा पहिलाच शब्द 'माती'. म्हणजे साखळी आणि तिचं कडं पूर्ण. अप्पांची नजर गेल्यापासून ते डोक्यातच कविता रचत, आणि पुढचं कडवं आठवावं म्हणून ही कडी घालून ठेवत. हे मलाही माहीत होतं, कारण अंगणात बसून त्यांनी मला ते समजावलं होतं.

"मग साखळी तर शाबूत आहे," मी म्हणालो.

"साखळी शाबूत आहे, चाल बिघडलीय." तिने शाळेत आपण सगळेच शिकलेलं आणि सगळेच विसरलेलं पुन्हा सांगितलं. ऱ्हस्व अक्षराची मात्रा एक, दीर्घाच्या दोन. 'माती मळली' या आठ मात्रा, 'तुझिया हाती' आठ. प्रत्येक लांब ओळ आठ आणि आठ, प्रत्येक आखूड ओळ नुसती आठ. सगळी कविता अशी सरळ पावलं टाकत जाते. फक्त 'पाऊल माझे' इथे नऊ होतात. सबंध कवितेत एकच पाय वाकडा पडतो.

मी म्हणालो, म्हातारा माणूस, एखादी मात्रा इकडची तिकडे होणारच.

"मलाही तसंच वाटलं असतं. पण यमक बघा." प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द पुढच्या दोन्ही ओळींचं यमक ठरवतो. माती, हाती, नाती. अंतर, नंतर, निरंतर. गाणे, दाणे, बहाणे. आणि मग पाऊल, दर्पण, मीपण. "अप्पांनी एकाच जागी मात्राही चुकवली, यमकही चुकवलं आणि शिवाय पावलाचा आरसा केला? पाऊल आरसा कसं होईल, सांगा बघू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो माझ्या धंद्यातला उजेड होता. मधला दात काढला की फट पडते. ती दिसू नये म्हणून शेजारचा दात घासून त्यावर नवा बसवतात. पण चावताना माणसाला कळतंच, की तिथे काहीतरी उंच लागतंय.

"अगदी बरोबर," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे दोन शब्द ती मला क्वचितच म्हणाली असेल. "एक कडवं काढलं, साखळी तुटली. मग शेवटच्या कडव्याचा पहिला शब्द खोडून तिथे 'पाऊल' बसवलं. आधी तिथे चार मात्रांचा, दर्पणाशी जुळणारा शब्द असणार. आणि त्या शब्दाचा आरसा होत असणार."

खिडकीतून समोरचं घर दिसत होतं. धाकटी अंगण धूत होती. काळी गुळगुळीत फरशी, पाणी पडलं की तिच्यात आभाळ दिसतं. अप्पा रोज सकाळी तिथेच खुर्ची टाकून बसत. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "अंगण."

म्हणजे गेलेलं कडवं 'पाऊल'ने सुरू होत होतं आणि 'अंगण'वर संपत होतं. शिवाय प्रत्येक आखूड ओळ पुढच्या माणसाला घेऊन येते, हेही तिने दाखवलं. 'पडले अंतर' म्हटल्यावर लांब राहणारा मुलगा, 'आले गाणे' म्हटल्यावर गाणारी सून. मग 'तिचे पाऊल' म्हटल्यावर येणारी ती कोण?

"मग सांगून टाकू तिला," मी उठलोच.

"काय सांगणार? की तुझ्यावर कडवं होतं, पण त्यात काय होतं ते माहीत नाही? ते नेणारा माणूस ती एवढ्यातच ओळखेल आणि आयुष्यभर त्याचं तोंड बघणार नाही. बसा खाली."

कविता तीन हातांतून गेली होती. अप्पा दर रविवारी फोनवर थोरल्याला एक कडवं सांगत, तो लिहून घेई. त्याच्या कागदावरून त्याची बायको टाइप करी. तिथून ती प्रकाशकाकडे गेली. एकाच घरात राहणाऱ्या मुलीला अप्पांनी लिहून घ्यायला का सांगितलं नाही, हा प्रश्न मी विचारला. मास्तरीणबाई म्हणाल्या की तोच खरा प्रश्न आहे, आणि चपला घालायला गेल्या.

३

प्रकाशकाचं ऑफिस पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी इतकं भरलेलं की पाहुण्याने बसायचं म्हणजे कुणाचा तरी कवितासंग्रह उचलावा लागतो. प्रकाशक स्वतः कविता करतो. ती स्वतःच छापतो आणि न खपल्याचं खापर वाचकांवर फोडतो.

मास्तरीणबाईंनी आपण कवितेवर लेख लिहीत असल्याची थाप मारली आणि कविता मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली. तो खूश झाला. खर्जातला आवाज लावून त्याने वाचायला घेतलं. तीन कडवी छान गेली. 'पाऊल माझे'ला त्याची भुवई उडाली, आवाज ठेचकाळला आणि पुढच्या शब्दावर सावरला.

"इथे जरा अडतं," तो म्हणाला. "पण ज्येष्ठ कवी, त्यांनी एखादी सवलत घेतली तर आपण कोण बोलणार?"

"अप्पांनी कधी घेतली होती?"

तो विचारात पडला. मग त्याने या कवितेसाठी लिहिलेली स्वतःची प्रस्तावना काढून दाखवली. पाऊलच आरसा होतं ही किती धाडसी, आधुनिक प्रतिमा आहे, यावर त्याने त्यात सबंध पान खर्ची घातलं होतं. मला हसू आवरेना म्हणून मी गठ्ठ्यांकडे बघत बसलो.

दगडाचं विचारल्यावर मात्र तो चपापला. त्यानेच आणवलेला दगड लहान निघाला होता. कविता आटोपशीर असली तर बरं, असं तो थोरल्याच्या बायकोला फोनवर म्हणाला होता. चार कडवी आली तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, हे त्याने कबूल केलं.

जिना उतरताना मी म्हणालो, "हा घ्या चोर. दगडासाठी कडवं कापलं."

"त्याने कापलं असतं तर जोड इतका ओबडधोबड नसता," ती म्हणाली. "कवी कसाही असला तरी कान आहे त्याला. अडखळला की नाही?" आणि मग थोडं थांबून, "पण फोनवर बोलला कुणाशी, ते ऐकलंत ना?"

४

थोरला आणि त्याची बायको कार्यक्रमासाठी आले होते, समोरच्याच घरात उतरले होते. आम्ही गेलो तेव्हा धाकटी ऑफिसात होती, थोरला दगड बघायला गेला होता आणि वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. धाकटी तिला वहिनी म्हणते म्हणून आम्हीही. नणंद-भावजयीचं फारसं पटत नाही हे गल्लीला ठाऊक आहे, आणि वहिनींनीही ते लपवलं नाही.

"ती समजते मीच तिला वगळायला लावलं," त्या म्हणाल्या. "काल ताट वाढताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ह्यांच्या कागदावरचं जसंच्या तसं टाइप केलं. चारच कडवी होती."

"तुमचं कडवं छान आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"छान आहे खरं, पण 'तिचे पाऊल' काय म्हणून लिहिलं कोण जाणे. मी चालते ती धपधप. अप्पा म्हणायचे, सूनबाई आली की तांब्याभांडी आधी सांगतात."

कवितेला चाल लावायचं त्यांच्या मनात होतं. ऐकवाल का म्हटल्यावर त्यांनी भाजी बाजूला सारली आणि बसल्या जागी गायला सुरुवात केली. बाई भांडखोर असेल, पण गळ्यात खरोखर काहीतरी आहे. 'तिचे पाऊल' त्यांनी लांबवून, ठाय लयीत म्हटलं. आणि लगेच पुढच्या ओळीत तोच शब्द त्यांनी चिमटीत धरावा तसा आखडला. 'पाउल माझे' म्हणून त्या पुढे गेल्या. मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना आपण असं काही केल्याचं माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, तिथे असंच म्हणावं लागतं, नाहीतर ताल सुटतो.

निघताना दारातल्या चपलांच्या फळीपाशी मास्तरीणबाई थबकल्या. अप्पांच्या वहाणा अजून तिथेच होत्या. तिने त्या उचलल्या, उलट्या केल्या, दोन्ही तळवे बराच वेळ पाहिले. मग होत्या तशा ठेवल्या आणि हात पुसले.

 घरी आल्यावर ती म्हणाली, "दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात."

मला अर्थ लागायला वेळ लागला. लंगडणाऱ्या माणसाची एक वहाण लवकर झिजते. वीस वर्षं लंगडणाऱ्याची तर झिजलीच पाहिजे.

५

शनिवारी दुपारी थोरला आमच्याकडे आला. मास्तरीणबाईंनीच बोलावलं होतं. उंच, नीटनेटका माणूस. कप उचलतानाही बशीचा मध्य साधून उचलतो. कविता वाच म्हटल्यावर त्याने का म्हणूनही विचारलं नाही. कार्ड हातात घेतलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एका सुरात वाचलं, मीटिंगचा अहवाल वाचावा तसं. 'पाऊल माझे'शी तो अडला नाही. आवाज बदलला नाही की श्वास बदलला नाही. सपाट रस्त्यावरून गाडी जावी तसा तो त्या नऊ मात्रांवरून निघून गेला.

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. ती असं करते तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं.

"तीन अक्षरांच्या जागी तीन अक्षरं बसवलीस ना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "अं-ग-ण. पा-ऊ-ल. तू मोजून केलंस. पण ही कविता अक्षरांवर चालत नाही बाळा, मात्रांवर चालते. प्रकाशक तिथे ठेचकाळला. तुझ्या बायकोच्या गळ्याने न सांगता तो शब्द आखडला. त्या दोघांपैकी कुणी हा जोड दिला असता, तर त्यांना तो टोचला असता आणि त्यांनी दुसरा शब्द शोधला असता. ज्याला टोचलंच नाही असा एकच माणूस आहे."

थोरल्याने कप खाली ठेवला. या वेळी तो बशीच्या कडेवर बसला.  थोरला हळूच म्हणाला की त्याने तीनदा तपासून पाहिलं होतं, साखळीही जुळत होती, अक्षरंही.

"कडवं 'पाऊल'ने सुरू होतं आणि 'अंगण'वर संपतं," मास्तरीणबाई पुढे म्हणाल्या. "पाऊलला यमकं मराठीत मोजकीच. चाहूल, फूल, मूल, भूल. बापाने लेकीवर लिहिलेलं कडवं, म्हणजे मूल असणारच. आणि तुला ते लपवावंसं वाटलं म्हणजे दुसरं यमक बहुतेक भूल असेल. अप्पांची काहीतरी भूल."

थोरल्याने मान हलवली.

"भूल नाही काकू," तो म्हणाला. "हूल."

६

त्याने कागद काढला नाही, कारण कागद त्याने केव्हाच फाडून टाकला होता. पण कडवं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. ते त्याने आमच्यासमोर म्हटलं, अडखळत, आणि मग पुन्हा एकदा म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या अंगणात, बहिणीपुढे उभं राहून. ते तिला त्यानेच सांगायचं, आमच्यापैकी कुणी नाही, एवढी एकच अट मास्तरीणबाईंनी घातली होती.

धाकटीने अंगण नुकतंच धुतलं होतं. तिची बॅग पायरीवर होती, टॅक्सी सांगितलेली होती. वहिनी दारात पदर हातात धरून उभ्या होत्या. थोरला म्हणाला,

पाऊल उठे, मी दिली हूल
लंगडलो मी, थांबले मूल
सोडच अंगण

धाकटी पायरीवर बसली.

वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ मलाही आठवत होती. हेच डोंगरावरचं केंद्र, अशीच बॅग, दाराशी टॅक्सी. अप्पा ओल्या अंगणात घसरले, पाय टेकवेना म्हणाले. हाडांच्या डॉक्टरकडे न्यायला निघालो तर साफ नकार दिला. टॅक्सी परत गेली. त्या दिवसापासून काठी आली आणि धाकटी कुठेच गेली नाही.

थोरला बोलत होता आणि मध्येमध्ये थांबत होता. हे दगडावर कोरलं तर अप्पांचं नाव काय राहील, असं त्याला वाटलं. लोक काय वाचतील? की या कवीने लंगडण्याचं सोंग करून मुलीचं आयुष्य अडवलं? आणि तिलाही इतक्या वर्षांनी हे कशाला कळायला हवं, असंही वाटलं. एवढं सांगून तो थांबला. मग म्हणाला, हे सगळं खरं असलं तरी पुरतं खरं नाही.

"त्या दिवशी अप्पा तुला थांब म्हणालेच नव्हते. ते नुसते पाय धरून बसले होते. तुला थांब म्हणणारा मी होतो. मला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. तू थांबलीस आणि मला हायसं वाटलं. कडवं लिहून घेताना त्यातला 'मी' मला माझाच वाटला."

धाकटी फरशीतल्या आभाळाकडे बघत होती. मला वाटलं आता ती रडेल. पण ती बोलली ते अगदी साध्या आवाजात, उद्या पाऊस आहे असं सांगावं तसं.

"मला माहीत होतं."

थोरल्याने मान वर केली.

"संध्याकाळी ऑफिसातून आले की मी दाराबाहेर थोडी थांबायचे. आतून अप्पांची पावलं ऐकू यायची. पायात वहाणा घालून तासन्‌तास येरझाऱ्या घालत कविता रचायचे ना ते. एकसारखी पावलं, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी किल्ली फिरवली की लंगडायला लागायची. पहिल्याच महिन्यात कळलं मला."

"मग थांबलीस कशाला?" हे थोरल्याने विचारलं, पण आम्हा सगळ्यांच्याच ओठांवर तेच होतं.

"एवढा शब्दांचा माणूस. आई गेलेली, तू लांब. आणि लेकीला 'थांब' म्हणायला त्याला एक शब्द सापडेना, म्हणून ओल्या फरशीवर स्वतःला पाडून घेतो. त्याला एकटं कसं सोडणार?" ती म्हणाली. "मी फसून नाही थांबले दादा. ठरवून थांबले. फक्त त्यांनी ते एकदा कबूल करावं, एवढीच वाट बघत होते. वीस वर्षं मी किल्ली जरा मोठ्याने वाजवायचे, त्यांना लंगडायला वेळ मिळावा म्हणून."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मास्तरीणबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, म्हणजे तिचंही तेच चाललं होतं.  घरातल्या मुलीला अप्पांनी कविता लिहून घ्यायला का सांगितली नाही, त्याचं उत्तर आता मिळालं होतं. चार कडवी त्यांनी तिला सांगितली असती. हे एक तिच्या तोंडावर म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"'सोडच अंगण' म्हणाले?" धाकटीने पुन्हा विचारलं. "नक्की? 'सोडच'?"

"सोडच," थोरला म्हणाला. "मी दोनदा विचारून घेतलं होतं."

तिने तो शब्द स्वतःशीच पुटपुटला. मग उठली आणि दगडावर पाचही कडवी कोरायची, असं सांगून मोकळी झाली. थोरला कळवळून म्हणाला, अगं लोक काय म्हणतील. दगड लहान आहे, हेही त्याने सांगून पाहिलं.

"मोठा आणा," ती म्हणाली. "अप्पांचा पाय काही खरा लंगडा नव्हता. मग त्यांची कविता कशाला लंगडी ठेवायची?"

टॅक्सी आली. थोरल्याने बॅग उचलायला हात पुढे केला तेव्हा तिने तो धरला, क्षणभरच, आणि मग बॅग त्याच्याकडे दिली. वहिनी दारातूनच हलक्या आवाजात पाचही कडवी सलग गायला लागल्या. 'अंगण माझे'शी आल्या तेव्हा कुठे काही आखडावं लागलं नाही, सूर सरळ पुढे गेला. मास्तरीणबाईंचं बोट माझ्या मनगटावर ताल धरून होतं.

धाकटी पायरी उतरली आणि अंगण ओलांडून गेली. फरशी अजून ओली होती. या वेळी कुणी घसरलं नाही.